खांबापुरतं काँक्रीट

‘साधी शेड तर आहे, अंदाजे सांगा की!’ असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, अंदाज हाच माझा धंदा. सिंगापूरच्या एका बांधकाम कंपनीत बसून, इमारत उभी राहायच्या आधी तिच्यात काँक्रीट किती जाणार, सळई किती, विटा किती, हे सांगण्यात माझं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं, अंदाज म्हणजे डोळे मिटून ठोकलेला आकडा. त्याला आम्ही अंदाजपंचे म्हणतो, आणि तसं करणारा माणूस आमच्या ऑफिसात फार दिवस टिकत नाही.

या अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा संपादकांना अर्थातच टॉवर आणि भुयारी स्टेशनं हवी होती. तीही केली आहेत मी. पण निवृत्तीनंतर कुणी ‘सगळ्यात थरारक काम कुठलं’ असं विचारलं, तर माझ्या तोंडून एकच नाव निघतं : सेरंगूनमध्ये उषाताईंच्या परसात बांधलेली शेड. तिचं काँक्रीट एका गाडीत मावण्याएवढं. पण ती सकाळ आठवली की आजही मी खुर्चीत नीट बसू शकत नाही, उठून फेऱ्या मारायला लागते.

आधी उषाताईंबद्दल सांगते. मी लग्न होऊन सांगलीहून वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा नवरा, म्हणजे श्रीकांत, सकाळी ऑफिसला गेला की भिंतींशी बोलायची वेळ यायची. तांजोंग पगारला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या उषाताई मला एका हळदीकुंकवाला भेटल्या. ‘सिव्हिल शिकलीयस आणि घरात बसून पोहे परततेस?’ एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात मी अर्ज पाठवायला सुरुवात केली. माझ्या नोकरीचं श्रेय मी त्यांना दिलं की त्या हात झटकतात, पण ते आहेच.

याच उषाताई शाळेत असताना मल्लखांब करायच्या. साताऱ्याच्या तालमीत मुलींसाठी वेगळी वेळ होती म्हणे, आणि त्या वेळेच्या आधी जाऊन त्या दारात उभ्या राहायच्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे मराठी मुलांसाठी मल्लखांबाचा वर्ग काढला. एका हॉलमध्ये लोखंडी स्टँडवर उभा केलेला खांब, खाली गाद्या, आणि ‘ताई, आय कॅनॉट लाह!’ म्हणून किंचाळणारी पोरं. मी कधीमधी बघायला जायची. ती पोरं घरी आईवडिलांना इंग्रजीत उत्तरं देतात, पण खांबावर चढताना ‘बोंड’, ‘मान’, ‘तेढी’ हे शब्द चोख उच्चारतात. मला त्याची फार गंमत वाटायची.

मग एक दिवस स्टँड हलला. सई नावाची चुणचुणीत मुलगी वरच्या टोकावरून गादीच्या कडेला पडली आणि तिचं मनगट मोडलं. सईचे वडील पराग, मूळचे पुण्याचे, इथे एका आयटी कंपनीत मॅनेजर. ते एका शब्दानेही रागावले नाहीत. पण उषाताईंनी त्याच दिवशी वर्ग बंद केला. पालकांना त्यांनी सांगितलं, ‘खांब जमिनीत पक्का पुरल्याशिवाय एकही मूल वर चढणार नाही. आणि पुरल्यावर सगळ्यांत आधी मी चढेन. तो तसूभर जरी हलला, तरी वर्ग कायमचा बंद.’

उषाताई बोलल्या म्हणजे बोलल्या. साताऱ्याहून जहाजाने सागवानी खांब आला आणि त्यांच्या दिवाणखान्यात आडवा पडला. येणारा-जाणारा तो ओलांडून सोफ्यावर बसायचा. त्या त्याला एरंडेल चोळत राहायच्या. सेरंगूनमधलं त्यांचं घर जमिनीवरचं, मागे परस असलेलं. सिंगापूरमध्ये असं घर म्हणजे चैन. परसात उंच छपराची शेड, आत मधोमध जरा मागे सरकवलेला खांब, पुढे मुलांना धावायला आणि पालकांना बसायला जागा, असं ठरलं. परवानग्या झाल्या, इंजिनिअरने ड्रॉइंग दिलं. पण या सगळ्यात महिने गेले, आणि एकेक मूल टेनिसला, पोहायला जायला लागलं. ‘नीता, उशीर झाला तर शेड उभी राहील आणि चढायला कुणी नसेल,’ उषाताई मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली.

काँक्रीटचा हिशेब अर्थात माझ्याकडे आला. पण माझ्याआधी परागने तो करून ठेवला होता. फोनवर कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर मापं घातली आणि आलेला आकडा त्याने मला मोठ्या खुशीत दाखवला.

‘नीताकाकू, हे बघा. एका मिनिटात!’

मी आकडा बघितला. एवढ्या काँक्रीटमध्ये उषाताईंचं घर गच्चीसकट बुडालं असतं. या पठ्ठ्याने सहा इंच जाडीच्या जागी सहा फूट टाकले होते.

‘पराग, शेड बांधायची आहे की धरण?’

तो खळखळून हसला. पराग फार गोड माणूस आहे. त्याला राग येत नाही, हीच त्याच्यावर रागावण्यातली मोठी अडचण.

तर, ज्यांना परसात असलं काही करायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. गणित खरंच पाचवीचं आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, आणि तिन्ही मापं एकाच एककात. उषाताईंचा कोबा, म्हणजे जमिनीवरची काँक्रीटची फरशी, पाच मीटर बाय चार मीटर, जाडी पंधरा सेंटिमीटर. झाले तीन घनमीटर. कोब्याच्या कडेने खाली चर असतो. त्यावर भिंतींचं वजन येतं. चारी बाजूंचा चर मोजताना कोपरे दोनदा मोजायचे नाहीत. नवशिका तिथे हमखास फसतो. कोपरे वजा जाऊन चराचे झाले दीड. खांबासाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्याचा एक. एकूण साडेपाच. खड्ड्यात मधोमध एक लोखंडी नळा उभा राहणार, त्यात नंतर खांब बसवून पाचरी ठोकायच्या. त्या नळ्याची जागा वजा होते, पण ती किरकोळ.

इथपर्यंत फोनसुद्धा सांगतो. माझं काम इथून पुढे सुरू होतं. चराचे काठ ढासळलेले असतात, तळ सपाट नसतो, ढकलगाडीतून थोडं सांडतं, गाडीच्या ड्रमला थोडं चिकटून राहतं. म्हणून वर थोडं जास्तीचं धरायचं. किती, ते जमीन बघून. उषाताईंची जमीन घट्ट होती. शनिवारी लिमच्या छोट्या मशीनने चर आणि खड्डा खोदला, मी गुडघ्यावर बसून प्रत्येक बाजू टेपने मोजली, आणि सहा घनमीटर सांगितले. लिम हा ठेकेदार. आम्ही अनेक कामं एकत्र केलेली. माझा आकडा तो उलटून विचारत नाही.

काँक्रीट कमी मागवलं तर काय बिघडतं, असा प्रश्न मला नेहमी येतो. काँक्रीटमध्ये पाणी पडलं की ते घट्ट व्हायला लागतं. इथल्या उन्हात तर फार भरभर. अर्धं ओतून दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलात, तर पहिलं काँक्रीट आणि दुसरं काँक्रीट एकजीव होत नाही. दिसायला एक, पण मध्ये सांधा राहतो. आणि खांब एकसारखे हिसके देत असेल, तर तो सांधाच आधी बोलतो. जास्त मागवलं तरी पंचाईत, कारण या बेटावर उरलेलं काँक्रीट टाकायला कोपरा मिळत नाही. मला या कामातली मजा हीच वाटते. चूक झाकता येत नाही.

रविवारी भूमिपूजन होतं. खरं म्हणजे ते खोदायच्या आधी करायचं असतं. पण आपल्या माणसांना सुट्टी रविवारी, आणि लिमची माणसं शनिवारी मोकळी. गुरुजींनी त्यातून वाट काढली. ईशान्य कोपऱ्यात कुदळीचा एक घाव, नारळ, हळदकुंकू, आरती. सगळे पालक आले होते. ज्यांची मुलं टेनिसला गेली होती तेही आले. साड्या, झब्बे, केळीच्या पानावरचा प्रसाद. उषाताईंचा चेहरा नुसता फुलला होता. माझी लेक त्या दुपारी मेलबर्नहून येणार होती, म्हणून आरती होताच मी एअरपोर्टला पळाले. कुदळ तेव्हा परागच्या हातात होती. तो उषाताईंबरोबर फोटो काढून घेत होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोमवारी लिमच्या माणसांनी सळया बांधल्या आणि मंगळवारी सकाळी काँक्रीट ठरलं.

ओतायच्या आधी पुन्हा एकदा मोजायचं, ही माझी जुनी सवय. निवृत्त माणसाला सकाळी कुठे जायला मिळणं हाच सण असतो. मी जुने बूट घातले, टेप घेतली, ‘काँक्रीटला चालले’ असं लेकीला सांगून वुडलँड्सहून एमआरटी पकडली. डब्यात सगळे फोनमध्ये डोकं घालून बसले होते आणि मी एकटी आनंदाने खिडकीबाहेर बघत होते. सेरंगूनला उतरून उषाताईंच्या गल्लीत वळले, तर काँक्रीटची गाडी दारात उभी. ड्रम गरगर फिरतोय. तो घरघराट ऐकला की माझ्या अंगात वारं शिरतं. मी जवळजवळ पळतच परसात गेले.

आणि खड्डा बघून माझं धाबं दणाणलं.

मी मोजलेला खड्डा तिथे नव्हताच. त्याच जागी त्याचा थोरला भाऊ बसला होता. चर ठिकठिकाणी दीडपट रुंद झालेला, तळ कुठे वर, कुठे खाली. मात्र सगळं कसं नीटनेटकं! सुटलेली माती एका बाजूला व्यवस्थित रचून, वर ताडपत्री अंथरून, तिच्यावर झेंडूची फुलंसुद्धा वाहिलेली.

‘लिम! हे काय झालं?’

लिमने खांदे उडवले. ‘आय थॉट यू चेंज डिझाइन, मॅडम. मंडे माय बॉइज कम, होल सो बिग अल्रेडी. यू नेव्हर टेल मी, बट यू ऑल्वेज करेक्ट, वॉट.’

म्हणजे माझ्यावरच्या विश्वासापायी त्याने मला फोन केला नव्हता. तेवढ्यात घरातून पराग आला. ‘आज घरूनच काम आहे’ असं ऑफिसला सांगून तो इथे फोटो काढायला आला होता. कानात इअरफोन, त्यात ऑफिसची मीटिंग चालू.

‘पराग, रविवारी मी गेल्यावर इथे काय झालं?’

तो चमकला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुरुजींनी उषाताईंच्या हातून पहिला घाव घालून घेतला होता. मग परागने एक मारला. ते बघून सईच्या आईचे हात शिवशिवले. मग कुणीतरी म्हणालं, आपल्या सगळ्यांच्याच मुलांचा खांब आहे, सगळ्यांचा एकेक घाव हवा. बँकवाले आले, अकाउंटंट आले, कुणाचे पुण्याहून आलेले सासरे आले. एकेक घाव घालून भागेना. ज्याचा फोटो हलला त्याने पुन्हा मारला. ज्याचा घाव ‘नुसता खरचटल्यासारखा’ दिसला त्याने तिसरा मारला. रविवारी इथे मशीनचा आवाज चालत नाही, पण कुदळीला कोण अडवणार? शेवटी चर बेढब दिसायला लागला म्हणून त्याच उत्साहात सगळ्यांनी मिळून तो ‘सरळ’ केला.

‘अरे, पण का? कशासाठी?’ मी ओरडलेच.

पराग ओशाळून म्हणाला, ‘काकू, आम्ही सगळ्यांनी घरं घेतली ती हवेत. कुणाचं नवव्या मजल्यावर, कुणाचं विसाव्या. जमिनीत कुदळ मारायची वेळ आयुष्यात कधी आलीच नव्हती. आईला फोटो पाठवला, तर ती म्हणाली, चला, पाय मातीला लागले एकदाचे.’

शिवी तोंडाशी आली होती, ती गिळली. गुडघ्यावर बसले आणि मोजायला लागले. पराग टेपचं दुसरं टोक धरून माझ्यामागे फिरत होता. खांबाचा खड्डा एक घनमीटरचा होता, तो दोनाचा झाला होता. चर दीडाचे अडीच झाले होते. कोबा तीन. साडेसातच्या पुढे. आणि दारातल्या गाडीत सहा.

लिमने कंपनीला फोन लावला. दुसरी गाडी दुपारनंतर. तोवर पहिलं काँक्रीट घट्ट झालेलं असणार.

‘थोडं पाणी घालून पुरवता येणार नाही का?’ पराग म्हणाला. ‘पाहुणे वाढले की आमटीत घालतो तसं?’

‘पराग!’

माझा आवाज बहुधा गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण घरातून उषाताई धावत आल्या. मी परागला, आणि तुम्हालाही, एकदाच सांगून ठेवते. वरून पाणी घातलेलं काँक्रीट दिसायला छान, पसरायला सोपं, आणि ताकदीला कुचकामी. ती आमटी कुणाला वाढू नये.

उषाताई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. त्यांनी खड्डा बघितला, गाडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

‘नीता, खरं सांग. खांब हलेल?’

बाहेर ड्रम तेवढा घरघरत होता. मला त्या क्षणी काय झालं ते कसं सांगू! भीती होती, पण भीतीच्या वर चढून बसलेला एक आनंद होता. आयुष्यभर मी वातानुकूलित खोलीत बसून आकडे काढले. त्या आकड्यांचं पुढे काय झालं ते मला दुसऱ्यांनी फोनवर सांगितलं. आज खड्डा समोर होता, काँक्रीट दारात होतं, आणि विचारणारं माणूस माझं होतं. डोकं असं लख्ख चालायला लागलं की बस्स.

‘काँक्रीट कमी पडणार, हे नक्की,’ मी म्हणाले. ‘पण कुठे कमी पडायचं, ते आपण ठरवू.’

मी काठीने मातीत आकृती काढली. खांबाच्या खड्ड्यात कमी पडून चालणार नाही. तो एका दमात भरायचा. मग चर, कोब्याच्या तळापर्यंत. तिथला आडवा सांधा चालतो, कारण वर येणारी भिंत आणि कोबा त्याला दाबूनच धरणार आहेत. उरलं ते काँक्रीट कोब्याच्या मागच्या भागाला, खांबाच्या भोवती. आणि तिथे सरळ रेषेत एक उभी फळी ठोकून थांबायचं. जाळीच्या सळया फळीतून आरपार पुढे काढायच्या, म्हणजे पुढचा अर्धा कोबा नंतर ओतला की तो या सळयांना धरून बसेल. सांधा राहील, पण खांबापासून दूर, आपण सांगू तिथे आणि आपण सांगू तसा.

लिम आकृतीकडे बघत राहिला. ‘कॅन,’ तो म्हणाला. लिमचं ‘कॅन’ म्हणजे शिक्कामोर्तब. तरी इंजिनिअरला मी फोन लावला, आकृतीचा फोटो पाठवला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला.

मग जी काय धमाल उडाली! फळीला सळयांसाठी खाचा पाडायला लिमची दोन माणसं बसली. बाकीच्यांनी घराच्या बाजूच्या बोळातून ढकलगाड्या आणायला सुरुवात केली. पहिली ढकलगाडी खड्ड्यात ओतली गेली तेव्हा ‘धप्प’ असा जो आवाज आला, तो ऐकून मी टाळी वाजवली. काँक्रीटमधली हवा काढायला थरथरती नळी त्यात बुडवतात. ती चालू झाली की बुडबुडे फुटतात आणि काँक्रीट चकाकत सपाट होतं. मी लोखंडी नळ्याला दोन बाजूंनी ओळंबा लावून उभी होते आणि ‘डावीकडे, अजून जरा, बस्स!’ असं मराठीतच ओरडत होते. लिमच्या माणसांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी नळा बरोबर तिथेच येत होता.

फळी ठोकायची वेळ आली तेव्हा माणूस कमी पडला. पराग चिखलात उतरला. ऑफिसचा शर्ट, कानात मीटिंग, दोन्ही हातांनी फळी धरलेली.

मध्येच तो मोठ्याने म्हणाला, ‘यस, यस, आय ॲम हिअर!’

‘हलू नकोस!’ मी ओरडले.

‘नाही, ऑफिसला सांगतोय, काकू!’

‘ऑफिसला सांग, तू फळी धरलीयस!’

त्याने ते खरंच सांगितलं. पलीकडून हसण्याचा गदारोळ उठला असावा, कारण तोही फळीसकट हसायला लागला, आणि लिमने त्याला ‘डोन्ट शेक, डोन्ट शेक!’ म्हणून दम भरला.

गाडीतलं शेवटचं काँक्रीट घसरत आलं. ते फळीच्या वरच्या कडेला येऊन टेकलं आणि ड्रम रिकामा झाला. लिमने रंधा फिरवून पृष्ठभाग सारखा केला. मी घड्याळ बघितलं नाही, हात मात्र बघितले. कोपरापर्यंत सिमेंट. उषाताईंनी चहा आणला, आणि आम्ही सगळे, लिमची माणसंसुद्धा, मातीच्या ढिगावर ओळीने बसून तो प्यायलो. इतका आनंद मला कुठल्याही टॉवरच्या उद्घाटनाला झालेला नाही. अर्थात, टॉवरच्या उद्घाटनाला मला कुणी बोलावलंही नव्हतं.

हे जरा मनात आहे ते बोलूनच टाकते. आम्हा हिशेब करणाऱ्यांचं सगळं काम जमिनीखाली जातं. ज्या इमारतींचे पाये मी मोजले, त्यांच्या लॉबीत आज मला पहारेकरी विचारतो, कुणाकडे जायचंय? मी काय सांगू, की तुझ्या खुर्चीखालचं काँक्रीट मला पाठ आहे? श्रीकांत म्हणतो, जाऊ दे, पगार मिळाला ना. मिळाला. पण एकदा तरी आपल्या काँक्रीटला हात लावावा, असं वाटायचंच.

पुढचा कोबा दुसऱ्या खेपेला ओतला. शेड उभी राहिली. काँक्रीटला मुरायला द्यायचा तेवढा वेळ दिला, एकदासुद्धा घाई केली नाही. मग एका रविवारी खांब उभा करायला सगळे जमले. रविवार होता, म्हणून मशीन नाही. ज्यांनी जास्तीचे घाव घातले होते, त्यांनीच तो दिवाणखान्यातून खांद्यावर घेऊन आणला. नळ्यात उतरवला, ओळंब्यात धरला आणि चारी बाजूंनी पाचरी ठोकल्या. ठोकताना मी सगळ्यांकडे असं बघत होते की एकानेही एक टोला जास्त मारला नाही.

मुलं गाद्यांच्या कडेला बसली होती. टेनिसला गेलेलीही त्यांत होती. सईचं मनगट बरं झालं होतं. उषाताई आतून आल्या. ट्रॅकपँट, साधा टीशर्ट, केस घट्ट बांधलेले. त्यांनी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. मग माझ्याकडे वळल्या.

‘नीता, तू खांबाला हात लावून उभी राहा. हलला तर तुलाच आधी कळेल. आणि मला खरं सांगायचं. माझी भीड धरायची नाही.’

मी खांबाच्या बुंध्याशी तळहात टेकवला. उषाताईंनी पकड घेतली आणि त्या चढल्या. त्यांच्या वयाच्या बाया बसमध्ये दोन हातांनी दांडा धरतात, आणि या बाई पायांच्या पकडीत खांब धरून वर सरकत होत्या. अर्ध्यावर त्या थांबल्या, श्वास घेतला. कुणीतरी ‘ताई, पुरे’ म्हणालं. त्यांनी लक्ष दिलं नाही. बोंडाशी, म्हणजे खांबाच्या टोकावरच्या गोळ्याशी पोचल्या, एका हाताने ते धरलं, अंग बाहेर झोकलं आणि पूर्ण जोराने हिसका दिला. एकदा. मग दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा.

माझ्या तळहाताखाली काही म्हणजे काही झालं नाही. खाली दोन घनमीटर काँक्रीट बसलं होतं, ड्रॉइंगमध्ये होतं त्याच्या दुप्पट, आणि ते सगळ्यांच्या हौसेच्या घावांनी मोठ्या झालेल्या त्या खड्ड्यात होतं. नुसत्या माझ्या हिशेबाने खांब एवढा घट्ट बसला नसता.

‘काय गं?’ वरून आवाज आला.

मी नुसती मान हलवली.

‘तोंडाने बोल! मुलांना ऐकू येऊ दे!’

‘नाही हलत!’ मी ओरडले. ‘उषाताई, नाही हलत!’

मुलांनी जो गलका केला तो शेजारच्या तिन्ही घरांत गेला असेल. सई तर उठून धावलीच, तिला परागने धरून ठेवलं. उषाताई खाली उतरल्या. घामाने डबडबल्या होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या. वर्ग पुढच्या रविवारपासून, असं त्यांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे बोट केलं.

‘आता तू.’

‘मी? अहो, मला गुडघे आहेत!’

‘मला पण आहेत. पाया तुझा आहे ना? मग चढ.’

पन्नास डोळे माझ्याकडे लागलेले. मी बूट काढले. पदर खोचला. खांबाला मिठी मारली, सई मागून ‘आँटी, युज युवर लेग्ज!’ असं ओरडत असताना पाय वर घेतले. फूटभर चढले असेन, जास्त नाही. दोन्ही पाय जमिनीपासून सुटले आणि माझं सगळं वजन त्या खांबावर आलं. इतक्या वर्षांत माझ्या काँक्रीटने मला पहिल्यांदाच उचलून धरलं होतं. मी डोळे मिटून तिथेच लटकत राहिले, आणि उषाताई खालून ‘उतर आता, उतर’ म्हणत होत्या तरी उतरले नाही.